आभाळातल्या हाकेला ओ देणारे अप्पा

श्री. शिवलिंग बिराजदार यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते विमानतळावरच्या टॉवरच्या काचा पुसत होते. नांदेडच्या धावपट्टीवर माझी नेमणूक झाली होती. हातात पत्र्याची पेटी घेऊन, जिना चढून मी वर पोचले. समोर दिसलेल्या गृहस्थांच्या हातात ओले फडके होते आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. मी त्यांना विचारले, "बिराजदार साहेब कुठे भेटतील?" त्यांनी फडके पिळले, खिडकीच्या कडेला वाळत घातले आणि म्हणाले, "मीच. तुम्ही लातूरच्या सुनंदाबाई ना? बसा. आधी पाणी प्या. धूळ लई झालीय, काच पुसल्याबिगर विमान आलं का घार आली ते कळंना."

मी बाविशीही न ओलांडलेली मुलगी. त्या वयाच्या मुलीला 'तुम्ही' म्हणणारा अधिकारी मला तोवर भेटला नव्हता. पुढे कळले, की ते जीपवाल्या रहेमानभाईंनाही 'तुम्ही' म्हणतात आणि झाडूवाल्या बाईंनाही. त्यांना मात्र सगळे अप्पाच म्हणत. मीही आठवड्याभरात 'साहेब' सोडून 'अप्पा' म्हणू लागले, ते आजतागायत. आज अप्पांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या सहकाऱ्यांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि त्यांच्या मूळ गावच्या, चाकूरच्या, गावकऱ्यांच्या वतीने निघणाऱ्या या ग्रंथात मला लिहायला सांगितले, हा मी माझाच सन्मान समजते.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. कुणाचा भाचा कलेक्टर कचेरीत लागला, कुणाची सून जिल्हा परिषदेत. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, डाळ मिलमध्ये मुनीम होते. त्यांचे म्हणणे साधे होते. "नवा जिल्हा, नवी कचेरी, घरापासून पायी जायची नोकरी. हे सोडून नांदेडला विमानं बघायला कशाला जायचं?" त्यातच पावसाने पाठ फिरवलेली. विहिरी तळाला गेलेल्या, टँकर आला की गल्लीत घागरींची रांग लागायची. अशा दिवसांत मुलीला परगावी एकटी ठेवायची म्हणजे दादांना झोप कशी लागणार?

हे अप्पांना माझ्या बोलण्यातून कळले. सुटीच्या दिवशी ते आपल्या पत्नीला, म्हणजे आमच्या महादेवीअक्कांना, घेऊन एस.टी.ने लातूरला आमच्या घरी आले. नोकरीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. चाकूरची जमीन, पेरण्या, बाजारातले करडईचे भाव, असल्या गप्पा झाल्या. निघताना दादांना म्हणाले, "एकदा नांदेडला या. आमची जागा बघून जा. मग तुम्ही म्हणाल तसं."

दादा आले. अप्पांनी त्यांना टॉवरमध्ये स्टूल दिले. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: त्या काचेच्या खोलीतून आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांशी रेडिओवर बोलायचे, वारा कुठून आहे ते सांगायचे, धावपट्टी मोकळी आहे हे बघून उतरायची किंवा उडायची परवानगी द्यायची. त्या दिवशी एक छोटे विमान उतरायचे होते. अप्पांनी मला बोलायला लावले. मी बोलले, वरून वैमानिकाने माझे शब्द जसेच्या तसे परत म्हणून दाखवले आणि थोड्या वेळाने विमान उतरले. दादा स्टुलावरून उठून काचेपाशी गेले. मग हळूच म्हणाले, "वरचा माणूस तुझं ऐकतो व्हय?"

"हो दादा. ऐकावंच लागतं."

"घरात तर तुझं कुणी ऐकत न्हाई," दादा म्हणाले आणि अप्पा मनापासून हसले. त्यानंतर कचेरीतल्या नोकरीचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

अप्पांनी मला पहिल्या महिन्यात शिकवले ते परवानग्या देण्याचे काम नव्हते. ते शिकवणे होते संकटाचे. ते म्हणायचे, सगळे सुरळीत असते तेव्हा वैमानिकाला आपली फारशी गरज नसते. ज्या दिवशी त्याचे बिनसते त्या दिवसासाठी आपल्याला पगार मिळतो. म्हणून त्याची हाक ओळखायला आधी शिका.

वैमानिक आवाजाने हाक मारतो. जिवावर बेतले असेल तर 'मेडे' हा शब्द तीनदा म्हणतो. तीनदा अशासाठी, की रेडिओच्या खरखरीत एखादा हरवला तरी उरलेला ऐकू यावा आणि कुणी सहज बोलताना उच्चारला असा गैरसमज होऊ नये. तेवढी वेळ आली नसेल, पण मदत हवी असेल, तर 'पॅन पॅन' हे शब्द तीनदा. हे शब्द कानावर पडले की बाकीच्या सगळ्यांनी गप्प बसायचे, त्या एकट्याला बोलू द्यायचे. दुसरी हाक आकड्यांची. विमानात एक यंत्र असते. त्यावर चार आकडे लावले की दूरच्या रडारच्या पडद्यावर ते उमटतात. सात-सात-शून्य-शून्य म्हणजे संकट, सात-सहा-शून्य-शून्य म्हणजे रेडिओ बंद पडला, सात-पाच-शून्य-शून्य म्हणजे विमान कुणीतरी बळजबरीने ताब्यात घेतले. नांदेडला तेव्हा रडार नव्हते, त्यामुळे हे आकडे आम्हाला पुस्तकापुरतेच. उरली ती विमानाच्या अंगाची भाषा, म्हणजे पंख डावी-उजवीकडे झुलवणे, दिवे उघडझाप करणे. त्याला उत्तर द्यायला आमच्या छताला एक दिवा टांगलेला होता. बंदुकीसारखी मूठ असलेला, लाल, हिरवा आणि पांढरा झोत सोडणारा. स्थिर हिरवा म्हणजे उतरा. स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला वाट द्या आणि घिरट्या घालत राहा. लाल उघडझाप म्हणजे ही जागा धोक्याची आहे, इथे उतरू नका.

"आणि कोणी काहीच बोललं नाही तर?" मी विचारले होते.

"मग ती सगळ्यांत मोठी हाक समजायची," अप्पा म्हणाले. "बोलता माणूस एकदम गप झाला तर आपण घरी काय करतो? उठून बघतोच की."

त्या वर्षी धावपट्टीच्या दोन्ही अंगांना गुडघाभर वाळके गवत होते. बाहेरच्या माळावर काडी उरली नव्हती, आणि आमच्या कुंपणाच्या आत मात्र चारा उभा. आसपासच्या वस्तीतल्या बायका तारेपाशी उभ्या राहून आत बघत राहायच्या. अप्पांनी चार-सहा दिवस ते पाहिले, मग वरच्या कार्यालयाला कळवून त्यांना गवत कापायची मोकळीक दिली. अट एकच होती. विमान यायचे नसेल तेव्हा, रहेमानभाईंच्या नजरेसमोर, विळ्याने कापून डोक्यावरून न्यायचे. जनावर आत आणायचे नाही. वरून लेखी 'हो' आले नव्हते आणि 'नाही'ही आले नव्हते. अप्पा म्हणाले, "उत्तर येईपर्यंत जनावरं थांबत न्हाईत."

आणि मग तो दिवस आला, ज्यावरून मी अप्पांना खऱ्या अर्थाने ओळखते.

दुष्काळाची पाहणी करायला एक छोटे, एका इंजिनाचे विमान निघाले होते. वैमानिकाबरोबर दोन अधिकारी होते, त्यातले एक लातूरच्या नव्या जिल्हा कचेरीतले. उदगीर, अहमदपूर, कंधार या भागांतले कोरडे तलाव वरून पाहून त्यांनी दुपारी नांदेडला उतरायचे होते. दुपार टळत आली तेव्हा रेडिओवर वैमानिकाचा आवाज आला. त्यांनी आपली उंची सांगितली, कंधारच्या अलीकडे आहोत असे सांगितले आणि पुढचे वाक्य सुरू केले. ते वाक्य हळूहळू बारीक होत गेले, जसा ट्रान्झिस्टरचा सेल संपताना होतो, आणि मधेच थांबले.

मी परत परत हाक दिली. उत्तर नाही.

अप्पा खुर्चीतून उठले होते. "त्यांची वीज गेली," ते म्हणाले. "इंजिन चालू राहील, त्याला ही वीज लागत नाही. पण रेडिओ गेला. दिवेही गेले असणार. बोलत राहा सुनंदाबाई. कदाचित त्यांना ऐकू येत असेल, फक्त बोलता येत नसेल. सांगा, ऐकू येत असेल तर पंख झुलवा."

मी बोलत राहिले. अप्पांनी अग्निशमनाच्या गाडीला फोन केला, रहेमानभाईंना धावपट्टीवरून जीप फिरवून यायला सांगितले आणि दुर्बीण डोळ्याला लावली. आभाळ धुळीने पिवळट झाले होते. बऱ्याच वेळाने दक्षिणेकडे एक ठिपका दिसला. तो मोठा होत गेला, त्याचे विमान झाले. मी पुन्हा म्हणाले, "ऐकू येत असेल तर पंख झुलवा." विमान सरळ येत राहिले. पंख हलले नाहीत.

"ऐकूही येत न्हाई," अप्पा म्हणाले. "आता त्यांना फक्त डोळे आहेत. दिवा घ्या."

मी छताचा दिवा खाली ओढला. विमान आमच्या डोक्यावरून गेले आणि जाता जाता वैमानिकाने पंख झुलवले, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. ती आमच्या सांगण्याला दिलेली ओ नव्हती. ती त्यांची हाक होती. मी हिरव्याकडे बोट नेले आणि त्याच क्षणी अप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ते दुर्बिणीतून धावपट्टीच्या दूरच्या टोकाकडे बघत होते.

तिथे दोन म्हशी होत्या. कुंपणाच्या एका ढिल्या तारेखालून आत शिरून चरत होत्या. रहेमानभाईंची जीप भोंगा वाजवत तिकडे धावली आणि त्या आवाजाने बुजून म्हशी गवतातून निघाल्या त्या थेट धावपट्टीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"लाल," अप्पा म्हणाले. "स्थिर. हात हलू देऊ नका."

माझ्या आयुष्यात मी इतकी जड वस्तू धरली नाही. वर तीन माणसे, त्यांचा आवाज गेलेला, टाकीत किती पेट्रोल उरले आहे ते त्यांनाही धड कळत नसेल, आणि ते उतरू का विचारत असताना मी त्यांना लाल दाखवत होते. माझे डोळे भरून आले. "अप्पा, त्यांना वाटेल आपण नाही म्हणतोय."

"नाही म्हणायचं असतं तर उघडझाप केली असती," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "स्थिर लाल म्हणजे थांबा, आम्ही तुमच्याकडंच बघतोय. त्यांना ते ठाऊक हाय. तुम्ही झोत त्यांच्यावरून ढळू देऊ नका, तेवढं पुरे."

विमान वळले. घिरटी घेऊ लागले. मी झोत त्याच्याबरोबर फिरवत राहिले.

खाली रहेमानभाईंनी जीप थांबवली होती, कारण जीप जितकी पुढे जाई तितक्या म्हशी धावपट्टीवरूनच पुढे पळत. तेवढ्यात कुंपणाकडून एक म्हातारी धावत आली. शेवंताबाई तिचे नाव, गवत कापायला येणाऱ्यांपैकीच एक. अप्पांनी खिडकी उघडली आणि दोन्ही हातांनी रहेमानभाईंना मागे सरकायची खूण केली. रहेमानभाईंनी जीप मागे घेतली, भोंगा बंद केला. शेवंताबाईने म्हशींना नावाने हाका मारल्या. आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते, नुसता तिचा लांबवलेला सूर येत होता. पहिली म्हैस वळली. दुसरी तिच्या मागे वळली. म्हातारी पुढे, म्हशी मागे, अशी ती वरात धावपट्टी ओलांडून गवतात आणि गवतातून कुंपणापर्यंत गेली. जीप त्यांच्या आणि धावपट्टीच्या मधे येऊन उभी राहिली.

अप्पांनी दुर्बिणीतून धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. आणि परत एकदा पाहिली. मग म्हणाले, "द्या."

मी हिरवा दिला. विमानाने पंख झुलवले. या वेळी ती ओ होती.

ते जोरातच खाली आले, कारण वीज नसल्याने वेग कमी करणाऱ्या पंखांच्या झडपा उघडत नव्हत्या. लांब पळत गेले, पण धावपट्टीच्या आत थांबले. मला आठवते, अप्पा तेव्हा पहिल्यांदा खुर्चीवर बसले आणि त्यांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसले.

पुढचे मी मुद्दाम सांगते, कारण अप्पांचे मोठेपण त्या पुढच्या तासात जास्त दिसले. विमानातून उतरलेले लातूरचे अधिकारी संतापले होते, आणि ते साहजिकही होते. मरणाच्या दारातून परत आलेला माणूस कुणावर तरी ओरडणारच. "हे विमानतळ आहे की गोठा? कुणाची जनावरं आहेत? केस करा मालकावर."

शेवंताबाई जिन्याच्या खाली उभी होती. "साहेब, म्या न्हाई सोडल्या," ती म्हणत होती. "दावं तोडून त्याच घुसल्या. आतलं गवत बघून कशा ऱ्हातील त्या? मी त्यांच्याच मागं पळत आले जी."

अप्पांनी तिला सावलीत बसवले. मग अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, कुंपण माझ्या ताब्यात, तार ढिली राहिली ती माझी चूक. गवत कापायला मीच येऊ दिलं. अहवालात मी तसंच लिहिणार. या बाई आल्या नसत्या तर तुम्ही अजून वरच राहिला असता. केस करायची तर माझ्यावर करा."

अधिकाऱ्यांनी शेवंताबाईकडे पाहिले. नंतर त्यांनी पाणी मागितले. अक्कांनी घरून पाठवलेल्या घागरीतले पाणी रहेमानभाईंनी त्यांना दिले आणि शेवंताबाईलाही दिले. संध्याकाळपर्यंत ते गृहस्थ शेवंताबाईशी बोलत बसले होते. तिच्या वस्तीवर किती जनावरे, चारा कुठून येतो, किती लांब जावे लागते. ते म्हणाले, "आमच्या नव्या कचेरीत अजून खुर्च्या यायच्यात बाई, पण दुष्काळाचं काम उभ्यानं करता येतं." वस्ती त्यांच्या जिल्ह्यातली नव्हती, तरी नांदेडच्या कचेरीत जाऊन त्यांनी पाठपुरावा केला. त्या भागात चाऱ्याची छावणी सुरू झाली त्यात त्यांच्या खटपटीचा वाटा होता, हे आम्हाला नंतर कळले.

अप्पांची चौकशी झाली. त्यांनी एकही शब्द लपवला नव्हता, त्यामुळे चौकशीला शोधायला काही उरले नाही. त्यांना ताकीद मिळाली. ती त्यांनी तक्रार न करता घेतली. कुंपणाची ढिली तार तर त्यांनी त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी स्वतः उभे राहून ओढून घेतली होती. गवत कापणे बंद झाले नाही. वरून रीतसर परवानगी आली.

वैमानिकाशी मात्र ते खूप वेळ बोलले होते. मी चहा घेऊन गेले तेव्हा वैमानिक म्हणत होते, "अहमदपूरवरच विजेचा काटा पडताना दिसला होता मला. वीज तयार होत नव्हती. वाटलं, थोडं पुढं जाऊ, मग सांगू. उगीच बोभाटा कशाला."

अप्पा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "रेडिओ चालू असतानाच सांगायचं होतं. आम्ही तुमची वाट बघतच बसलेलो असतो. बोभाटा झाला तर आमचं काय जातं? एक चहा जास्त लागतो."

तो प्रसंग अप्पांनी मनात ठेवला. संकटात सापडलेला माणूस शेवटपर्यंत संकोचत राहतो, हे त्यांना त्या दिवशी कळले असावे. पुढे आमची दोघांचीही मोठ्या शहरातल्या रडार केंद्रावर बदली झाली. तिथे ते नव्या मुलामुलींच्या मागे उभे राहून काम शिकवत. एकदा एका प्रवासी विमानाच्या वैमानिकाने अगदी शांत आवाजात विचारले, जरा लवकर उतरायला मिळेल का, किरकोळ अडचण आहे. शिकाऊ मुलगी त्यांना रांगेतला नंबर सांगणार होती. अप्पांनी वाकून तिला म्हटले, "माणूस किरकोळ म्हणतोय, पण वाक्य त्यानं दोनदा सुरू केलं. सरळ विचारा, संकट जाहीर करताय का?"

तिने विचारले. मग पडद्यावरच्या त्या विमानाच्या खुणेपाशी सात-सात-शून्य-शून्य उमटले आणि ती खूण लुकलुकू लागली. विमानात धुराचा वास येत होता. बाकीची विमाने बाजूला काढून त्यांना सरळ आणले गेले आणि सगळे प्रवासी सुखरूप उतरले. नंतर वैमानिक भेटायला आले तेव्हा म्हणाले, "तुम्ही विचारलंत म्हणून बरं झालं. आपण होऊन म्हणायला जीभ उचलत नव्हती." ती मुलगी आज स्वतः शिकवते, आणि 'सरळ विचारा' हेच वाक्य वापरते, असे तिने मला सांगितले.

हे विचारणे अप्पा फक्त विमानांपुरते ठेवत नसत. नांदेडलाच असताना एकदा दादांना अर्धांगाचा झटका आल्याचा निरोप मला सकाळी मिळाला. अप्पांशिवाय कामावर दुसरे कुणी नव्हते, म्हणून मी काही न बोलता येऊन बसले. पहिल्याच विमानाला मी वाऱ्याची दिशा सांगितली आणि अप्पांनी माझ्याकडे पाहिले. विमान उतरल्यावर म्हणाले, "वारा बरोबर सांगितलात. पण तुमचा आवाज आज तुमचा नव्हता. घरी काय झालंय?"

मी सांगितले. त्यांनी माझ्या कानावरचा हेडफोन काढून आपल्या कानाला लावला. रहेमानभाईंनी मला जीपने बसस्टँडवर सोडले. वाटेत अप्पांच्या घरापाशी थांबलो तर अप्पांचा निरोप आधीच पोचलेला; अक्का ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून दारात उभ्या होत्या. मी परत येईपर्यंत माझ्याही वाट्याचे काम अप्पांनी केले. मी आभार मानायला लागले तर म्हणाले, "दादा बोलायला लागले का?" दादा बोलायला लागले होते, अडखळत, पण लागले होते. अप्पांना तेवढेच ऐकायचे होते.

निवृत्तीला थोडी वर्षे राहिली असतानाची गोष्ट सांगते, कारण ती फारच थोड्यांना ठाऊक आहे. एके दिवशी अप्पा आपल्या वरिष्ठांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "मला 'फाइव्ह' आणि 'नाइन' सारखंच ऐकू यायला लागलंय." अजून त्यांच्याकडून एकही चूक झालेली नव्हती. वरिष्ठांनी समजावले, वार्षिक तपासणीला अवकाश आहे, तोवर थांबा, बहुतेक सर्दीचे असेल. सहकाऱ्यांनीही सांगितले. पण अप्पांनी स्वतःहून तपासणी मागून घेतली. कानांचे खरेच निघाले. ज्या माणसाने आयुष्यभर ऐकण्याचे काम केले त्याने आपल्या हाताने कानावरचा हेडफोन उतरवून टेबलावर ठेवला, तेव्हा त्या खोलीत मी होते. अप्पा खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी जवळ गेले. ते म्हणाले, "वाईट वाटतंय सुनंदाबाई. लई वाईट वाटतंय." एवढेच. दुसऱ्या दिवसापासून ते शिकवण्याच्या वर्गावर गेले आणि उरलेली सगळी वर्षे त्यांनी तिथे काढली. आज देशभरातल्या टॉवरांत बसलेली कितीतरी माणसे त्या वर्गातून गेलेली आहेत. त्यांचे कान गेले नसते तर या मुलांना अप्पा मिळाले नसते, असे मी एकदा म्हणाले. त्यावर अप्पा म्हणाले, "बरं बोलता. पण कान असते तर अजून बरं झालं असतं." खोटे समाधान करून घ्यायचा त्यांचा स्वभाव नाही.

निवृत्तीनंतर अप्पा आणि अक्का चाकूरला आले. शहरातली जागा विकून गावी परतणारे त्यांच्या पिढीत कमीच. शाळांमधून बोलावणे आले की अप्पा लातूरपर्यंत एस.टी.ने जातात आणि मुलांना विमानाच्या हाका समजावून सांगतात. मुले वर्गभर हात पसरून पंख झुलवतात, आणि शिक्षक घाबरतात की बाके मोडतील. लातूरच्या शिकवणी वर्गांतली, घरापासून लांब राहिलेली मुले त्यांच्याकडे येऊन बसतात. अप्पा त्यांना अभ्यासाचे विचारत नाहीत. जेवलात का, झोप लागते का, घरी फोन केला का, एवढेच विचारतात. त्यांतल्या एका मुलाने परीक्षा अर्धी टाकून घरी जायचे ठरवले होते आणि ते घरच्यांना सांगायचे धाडस होत नव्हते. अप्पांनी त्याच्याबरोबर बसून त्याच्या वडिलांना फोन लावला. वडील रागावले नाहीत. मुलगा आज शेती बघतो आणि सणावाराला अप्पांच्या घरी तूप घेऊन येतो.

गेल्या महिन्यात मी चाकूरला गेले होते. अप्पांच्या गुडघ्याचे दुखणे वाढले आहे. अक्का म्हणाल्या, "दुखतंय म्हणून सांगत न्हाईत. रात्रभर कूस बदलतात आन् सकाळी विचारलं की म्हणतात, काही न्हाई, किरकोळ." मी अप्पांकडे पाहिले. ते दुसरीकडे बघत होते.

या ग्रंथाच्या निमित्ताने सगळे एकत्र जमलो आहोत, तेव्हा सर्वांच्या साक्षीने अप्पांना एक विनंती करते. अप्पा, शंभरी गाठा. अक्कांच्या सोबतीने गाठा, चालत्या पायांनी आणि हसत्या तोंडाने गाठा. चाकूरच्या ओसरीवर पोरांचा राबता असाच राहू द्या. पण दुखले-खुपले तर किरकोळ म्हणू नका. लगेच सांगा. तुम्ही शिकवलेली आम्ही सगळी माणसे अजून कान देऊन बसलो आहोत.